अंबूकाकूंचा राघू

जयपूरच्या एका घोड्याला मराठी येत होतं आणि ते त्याला अंबूकाकूंनी शिकवलं होतं. ही थाप वाटेल, पण मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते आहे. आमच्या बनीपार्कच्या नाक्यावर रहमत नावाचा टांगेवाला उभा असायचा. काकू त्याच्या टांग्यातून आल्या की फाटक दिसताच "थांब, थांब की रे!" असं ओरडायच्या. 'रोको' हा शब्द त्यांच्या तोंडातून कधी निघाला नाही. आवाज असा दणदणीत, की रहमतच्या आधी घोडाच पाय रोवून उभा राहायचा. पुढे पुढे रहमत दुसऱ्या गिऱ्हाइकांना नेतानाही घोड्याला 'थांब' म्हणायला लागला. काकूंना यात काही नवल वाटलं नाही. "कळतं की सगळ्यांना," त्या म्हणायच्या. "आपण नीट बोलायला पाहिजे." त्यांचं ते नीट बोलणं चार घरं पलीकडे ऐकू जायचं.

अंबूकाकू इनामदार मूळच्या मिरजेच्या. ठेंगण्या, नऊवारी नेसणाऱ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या हिशेबाच्या कचेरीत वरच्या हुद्द्यावर होते, माझे त्याच कचेरीत बरेच खाली. एका बंगलीचे दोन भाग करून घरमालकानं आम्हाला भाड्यानं दिले होते. मध्ये दोघींचा मिळून एक लांब व्हरांडा होता. एकोणीसशे सत्तावन्न-अठ्ठावन्नचा सुमार असेल. मी नुकती लग्न होऊन आले होते, वैशाख होता, आणि बाहेर असा तापलेला वारा सुटलेला की दार किलकिलं केलं तरी तोंड भाजायचं. एका दुपारी मी कडी लावून मनसोक्त रडत बसले होते. तेवढ्यात दारावर थापा पडल्या. उघडलं तर काकू. माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि एकेक डबा उघडून हुंगायला लागल्या.

"काळा मसाला नाही? चिंच नाही? मग रडू येणारच की."

स्वतःच्या घरून मसाला आणून त्यांनी आमटी केली, भात टाकला, मला वाढलं, आणि माझ्याकडे पाठ करून शेंगा सोलत बसल्या. माहेर कुठलं, भावंडं किती, काही म्हणजे काही विचारलं नाही. माझं पान स्वच्छ झाल्यावर म्हणाल्या, "हं, आता रड हवं तर." मला हसू फुटलं. नव्या जागी आलेल्या जिवाला आधी खाऊ घालावं आणि मग नाव विचारावं, हा त्यांचा सिद्धान्त होता. माणसं, मांजरं, बदलून आलेले कारकून, सगळ्यांना तो लागू.

माकडांनाही. एकदा एका माकडानं इनामदारकाकांचा चष्मा गच्चीवरून पळवला आणि ते समोरच्या कडुलिंबावर जाऊन बसलं. खाली हा जमाव! कुणी काठ्या आपटतंय, कुणी दगड मारतंय, आणि माकड चष्म्याची काडी चावतंय. काकूंनी सगळ्यांना हाकललं. भाजलेल्या शेंगांची परडी घेऊन झाडाकडे पाठ करून त्या पायरीवर बसल्या आणि मजेत टरफलं फोडायला लागल्या. वर ढुंकून पाहिलं नाही. थोड्या वेळानं माकड खाली आलं, चष्मा धुळीत टाकून परडीशी गेलं. काकूंनी चष्मा उचलून पदराला पुसला. "दोन्ही डोळे रोखून बघतं ते मांजर," त्या मला म्हणाल्या. "आपण मांजर आहोत का? मग कशाला बघायचं?"

या चष्म्याची कीर्ती शहरभर पसरली आणि त्यातूनच पुढे राघू आला. पण राघूच्या आधी सरोज आली, तिचं सांगायला हवं.

काकूंचा एकुलता एक श्रीधर जयपुरातच बँकेत लागला आणि त्यानं तिथलीच मुलगी पसंत केली. चांदपोलात राहणाऱ्या एका हेडमास्तरांची ही सरोज. शिडशिडीत, मोठ्या डोळ्यांची, दार वाजलं तरी दचकणारी. त्या काळात असं परप्रांतातलं लग्न म्हणजे दोन्हीकडे कुजबुज. पण काकूंनी एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद केली. "मुलगी चांगली आहे. बाकीचं शिकवता येतं." फक्त एक नेम त्यांनी केला. सुनेशी बोलायचं ते मराठीतच. इनामदारकाका एकदा हळूच म्हणाले, की सुरुवातीला थोडं हिंदी बोललीस तर बरं. काकू म्हणाल्या, "घोड्याला येतं, तिला का येणार नाही?"

आणि तिला येऊ लागलंही होतं. सरोज हुशार होती. अडलं की व्हरांड्यात येऊन मला विचारायची, "भाभीजी, किसणी क्या होती है? और 'मेलं' मतलब? माँजी दूध उतू जाने पर बोलती हैं।" मी सांगायची, ती पाठ करायची. पण चेहरा काही खुलेना. लग्नाला चार-सहा महिने झाले तसे तिच्या गालांवरचं तेज उतरलं. एकदा म्हणाली, "माँजी को मेरा कोई काम अच्छा नहीं लगता। कुछ भी करने जाऊँ, टोक देती हैं। फिर मैं कमरे में चली जाती हूँ।"

मला खरं वाटेना. कारण काकू वेगळंच सांगत होत्या. "अगं, सकाळपासून राबते पोर. मी म्हणते, ये, घटकाभर टेक माझ्याजवळ. तर ही हातातलं तिथंच टाकून खोलीत! एवढा कसला ताठा गं? हेडमास्तरची असली म्हणून काय झालं?" बोलताना त्यांचा आवाज जरा चिरकला. काकू दुखावल्या की चिडायच्या आणि चिडल्या की आणखी मोठ्यानं बोलायच्या, आणि त्या आवाजानं सरोज आणखी आक्रसायची.

अशात तो पोपट आला. इनामदारकाकांच्या ओळखीचे एक कापडवाले सेठजी बाडबिस्तरा आवरून कलकत्त्याला निघाले होते. "आपकी बाईजी ने तो बंदर से चश्मा छुड़ा लिया," म्हणत त्यांनी पिंजरा दारात आणून ठेवला आणि हात जोडून निघून गेले. आत जे होतं त्याला पोपट म्हणायला जीभ धजेना. छातीवरची पिसं त्यानं स्वतःच उपटून टाकलेली. शेपटी तुटकी. माणसाची सावली पडली की गजांवर अंग आपटून घ्यायचा आणि तळाशी कोपऱ्यात थरथरत बसायचा. खायचा नाही. सेठजी त्याला मिट्ठू म्हणत. काकूंनी त्याचं नाव राघू ठेवलं आणि जाहीर केलं, "राखीपौर्णिमेच्या आत हा माझ्या हातातून पेरू खाणार!"

आता कुणीही पिंजरा अंगणातल्या हुकाला टांगला असता. काकूंनी तो व्हरांड्याच्या कोपऱ्यात स्टुलावर ठेवला. टांगलं की हलतं, आणि हलत्या घरात कोण सुखानं जेवेल? मागं भिंत, दोन बाजूंना जुन्या लुगड्याचा पडदा, एकच बाजू उघडी. मुलांना ताकीद, पिंजऱ्यात बोट घालायचं नाही, समोर धावायचं नाही. रोज सकाळी त्याच वेळेला, त्याच वाटीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड आणि हिरवी मिरची. वाटी ठेवली की काकू पिंजऱ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायच्या. स्वतःही पेरू खायच्या, आवाज करून. "खाताना माणूस वार करत नाही, हे पाखराला कळतं," म्हणायच्या. हळूहळू फरक पडला. कुणी नसताना वाटीतली डाळ कमी व्हायला लागली. मग काकूंची पाठ समोर असतानाही राघू दोन दाणे टिपायला लागला. एकदा तर काकूंचा हात गजाला लागला तरी तो दांडीवरून हलला नाही.

गाडी अडली ती त्याच्यापुढे. राघू दांडीवर सावरून बसतोय असं दिसलं, की काकू लाडानं त्याला काहीतरी म्हणायच्या, आणि तो धाडकन खाली कोसळायचा. पुन्हा तीच थरथर, पुन्हा दोन दिवस उपास. काकू हैराण झाल्या. "हाताला भीत नाही, पेरूला भीत नाही. मी बोलले की भितो! माझ्या बोलण्यात काय आहे गं?" ज्या बाईनं घोड्याला मराठी शिकवलं तिला हा अपमान होता.

आषाढ लागला, आणि सरोजनं मला सांगून टाकलं. त्यांच्याकडे नव्या नवरीला पहिल्या श्रावणात तीजेच्या सणाला माहेरी नेतात. "भैया लेने आएँगे, भाभीजी। फिर मैं नहीं आऊँगी।" श्रीधरबद्दल तक्रार नव्हती. ते चांगलेच आहेत म्हणाली. पण या घरात श्वास घ्यायला भीती वाटते. मी तिची समजूत घातली, पण ती पालथ्या घड्यावर पाणी. काकूंना सांगावं तर कुठल्या तोंडानं, असा मला घोर पडला. आणि काकूंना ते आधीच माहीत होतं.

"तिची ट्रंक बघितली मी," त्या म्हणाल्या. "सणाला चार साड्या नेतात. हिनं सगळ्या भरल्यात, हिवाळ्याची शालसुद्धा. मी काय आंधळी आहे?" मग पिंजऱ्याकडे मान करून म्हणाल्या, "हा खाल्ल्यावाचून मरेल आणि ती गेली की माझ्या श्रीधरचं घर मोडेल. मी आपली दोघांसमोर बसून नुसती बघतीये." त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा पाहिले. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर दोन-चार दिवसांतलीच दुपार. बाहेर आंधी येऊन गेलेली, व्हरांड्यात बोटभर रेती. मी झाडत होते, सरोज परातीत गहू चाळत होती, काकू पेरूची फोड घेऊन पिंजऱ्याशी. राघू दांडीच्या टोकावर एक पाय इकडे एक तिकडे करत होता. काकू अगदी साखरेच्या आवाजात म्हणाल्या, "बस, राघू. बस की रे. बस, बस."

राघू दगडासारखा खाली पडला. कोपऱ्यात गेला. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, त्याच्या तोंडातून शब्द निघाले. आवाज कुणा तंबाखू खाणाऱ्या पुरुषाचा, खरखरीत. "बस बे! बस! बस!" आणि तो स्वतःच्याच आवाजाला भिऊन आणखी आक्रसला.

काकू टाळी वाजवून उठल्या. "मराठी बोलला! ऐकलंत? मला बस म्हणाला!"

"नहीं, माँजी।"

सासूपुढे सरोज आपण होऊन कधी बोलली नव्हती. ती उठून उभी राहिली होती, चाळण हातात तशीच. "वो मराठी नहीं है। इसे कोई डाँटता होगा। 'बस' बोलके डाँटता होगा, पिंजरे पर डंडा मारके। और आप भी रोज़ वही बोलती हैं।"

"मी कशाला डाँटू? मी त्याला बसायला सांगतीये की!"

सरोजनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बैठने को कह रही हैं। मराठी में 'बस' मतलब बैठो।"

"बैठो?" ती म्हणाली. मग अगदी हळू, "तो रसोई में… मुझे भी… आप बैठने को कहती थीं?"

आता काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना हिंदी कळत नव्हतं असं नाही, बोलायचं नव्हतं. तरी त्यांना ते माझ्या तोंडून हवं होतं. "म्हणजे मी जेव्हा जेव्हा हिला जवळ बोलावलं…"

"तेव्हा तेव्हा तिला ऐकू आलं, पुरे कर, राहू दे तुझं काम," मी म्हटलं. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

किसणी विचारायला येणारी सरोज हा शब्द विचारायला कधी आली नाही, कारण तो तिला येत होता. आम्हाला त्यात काही खटकलं नाही, कारण आम्हालाही येत होता. भिंतीपलीकडून मी दिवसातून दहा वेळा तो ऐकला असेन, पण एखादा शब्द आपल्या भाषेत एकदा नीट बसला की त्याचा दुसरा अर्थ कानाला लागतच नाही.

काकू आत गेल्या. मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला. सरोजचा जीव मुठीत. त्या तोंड धुऊन, पदरानं पुसत बाहेर आल्या आणि आपल्या जागी टेकल्या. मग खाली बघून, मला त्यांच्याकडून अजिबात अपेक्षित नसलेल्या बारीक आवाजात म्हणाल्या, "बैठ."

कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. राघू कोपऱ्यातच राहिला. सरोज बसली.

त्या दिवसापासून व्हरांड्यातून 'बस' हद्दपार झाला. राघूशी बोलायचं झालं तर 'ये' किंवा 'खा', नाहीतर गप्प. त्याचं लवकरच जमलं. एका सकाळी त्यानं मान लांब करून काकूंच्या बोटांतली फोड ओढून घेतली, अर्धी खाल्ली, अर्धी त्यांच्या लुगड्यावर टाकली. काकूंनी ते लुगडं दिवसभर बदललं नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला डाग दाखवला. पण सरोजची ट्रंक भरलेलीच होती. मी विचारलं तर म्हणाली, "समझ तो गई, भाभीजी। पर डर समझने से थोड़े ही जाता है।"

तीजेसाठी तिचा भाऊ आला. उंच, ताठ, कपाळाला आठ्या. बसायला तयार नाही, पाण्याला हात लावायला तयार नाही. काकूंनी माझ्याकडून तिथली रीत विचारून घेतली होती. सुनेसाठी लहरिया साडी, बांगड्या, घेवर नावाच्या तिकडच्या मिठाईची टोपली, सगळं तयार होतं. ते त्यांनी सरोजच्या ओटीत घातलं आणि भावाकडे वळल्या. मग जे बोलल्या ते हिंदीत बोलल्या. जन्मात त्या एवढं लांब हिंदी त्याआधी बोलल्या नसतील.

"भैयाजी, इसको ले जाव। पेटी पूरी भरी हुई है, मैंने देखा है। इसको आने का मन होगा तो आएगी, नहीं होगा तो नहीं आएगी। और कोई बोलेगा ना कि सरोज ने घर मोड़ा, तो उसको तुम बोलना, सास की जबान खराब थी। लड़की का कसूर नहीं।"

श्रीधर खाली बघत होता. सरोजच्या चेहऱ्यावर पदर होता, तो हलला. आणि तो ताठ भाऊ खुर्ची ओढून बसला आणि त्यानं पेला उचलून सगळं पाणी पिऊन टाकलं. मग दोघं गेले.

तीज झाली. श्रीधर तिला आणायला जातो म्हणाला, तर काकूंनी त्याला अडवलं. "कुणी जायचं नाही. यायची असेल तर तिच्या पायांनी येईल." बोलल्या ठामपणे, पण ते दिवस त्यांना फार जड गेले. स्वयंपाकात मीठ विसरायला लागल्या. आवाज तर एवढा खाली गेला की रहमतनं मला गाठून विचारलं, "बाईजी बीमार हैं क्या?" राखीपौर्णिमा आली नि गेली. त्या दिवशी मात्र रात्रीच्या जेवणाला त्या बसल्याच नाहीत.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी टांगा थांबला. भाऊ नाही, कुणी नाही. सरोज एकटीच, अंगावर लहरिया, ट्रंक दोन्ही हातांनी उचललेली. काकू व्हरांड्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पाहिलं आणि पुन्हा ताटात मान घातली. बोटं मात्र चालत नव्हती. सरोजनं ट्रंक दारात ठेवली, चपला काढल्या, त्यांच्याशेजारी मांडी घालून बसली आणि ताट स्वतःकडे ओढून खडे वेचायला लागली. तिला कुणी काही म्हटलं नव्हतं. मी माझ्या दारातून आत सरकले आणि उगाचच रडून घेतलं.

पुढे तीन-चार वर्षांनी आमची भोपाळला बदली झाली. निघायच्या सकाळी रहमतच्या टांग्यात सामान चढलं, गाडीची वेळ होत आलेली, आणि मी काकूंच्या पाया पडायला व्हरांड्यात गेले. तिथं रणधुमाळी चालली होती. काकूंनी आमच्यासाठी दशम्या आणि शेंगांची चटणी बांधली होती, सरोजनं पुऱ्या आणि कैरीचं लोणचं. कुठलं गाठोडं न्यायचं यावर वाद.

"दशम्या गाडीत वातड होतात, सासूबाई! मी सांगतीये ना!" सरोज कमरेवर हात ठेवून. राघू तिच्या खांद्यावर बसून मिरची खात होता, त्याला या आरडाओरड्याचं काही नव्हतं.

"वातड? माझ्या दशम्या? मला शिकवतीयेस?"

"शिकवतीये की! कुणीतरी शिकवायलाच पाहिजे की तुम्हाला!"

अस्सल मिरजेचं मराठी. काकूंनी माझ्याकडे वळून कपाळाला हात लावला, पण त्यांचं तोंड असं फुललेलं होतं की बघत राहावं. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, फिरवला, पण मान पुन्हा सुनेकडे. "आणि तुझ्या पुऱ्या काय संध्याकाळपर्यंत फुगलेल्या राहतात?" शेवटी दोन्ही गाठोडी माझ्या मांडीवर येऊन पडली. निरोपाचं म्हणून मी काय काय बोलायचं ठरवलं होतं, ते ऐकायला दोघींनाही सवड नव्हती.

टांगा निघाला. नाक्याच्या वळणापर्यंत दोघींचे आवाज येत होते. त्यात सरोजचा जास्त मोठा होता.